बनोसा स्टेशनची गोष्ट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला सातवीत भूगोल शिकवायचे. एकदा त्यांनी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला. मुंबईहून नागपूरकडे जाणारी मोठी लाइन त्यावर जाड रेघेनं दाखवली होती. मूर्तिजापूरला त्या जाड रेघेला दोन बारीक फाटे फुटत होते, एक वर अचलपूरकडे आणि दुसरा खाली यवतमाळकडे. वरच्या फाट्यावर बोट ठेवून गुरुजींनी विचारलं, "ही रेघ आपल्या दारावरून जाते. कुणी काढली रे ही?" वर्गात कुणीच बोललं नाही. मग ते म्हणाले, "मलाही नीट ठाऊक नाही. मोठे झालात की शोधा."

त्यांच्या हयातीत माझ्याकडून ते झालं नाही. आज त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर उभा आहे, तर तेवढंच सांगणार आहे.

आपलं बनोसा स्टेशन बंद पडलंय, हे तुम्हाला सांगायला नको. गेल्या दशकात आधी यवतमाळकडची गाडी थांबली आणि मग अचलपूरकडचीही. परवा मी मुद्दाम सकाळी तिथं जाऊन बसलो. रुळांच्या मधोमध बाभळी उगवल्यात. काही बाभळींचं खोड माझ्या मनगटाएवढं झालंय. गाजरगवत कंबरेपर्यंत आलंय. एका जागी माती खरवडून रूळ उघडा केला आणि दोन रुळांमधलं अंतर टेपनं मोजलं. बरोबर अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाइनवर हेच अंतर १,६७६ मिलिमीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. लहानपणी एक पाय या रुळावर आणि एक त्या रुळावर टाकून आम्ही लाइनच्या मधोमध उभे राहायचो. मोठ्या लाइनवर ते कुणाला जमलं नसतं.

गाव दर्यापूर आणि स्टेशन बनोसा. बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटतं. चंद्रभागेच्या काठची ही जुळी गावं आता एकमेकांत इतकी मिसळलीत की शीव कुठून जायची ते आजच्या मुलांना दाखवता येणार नाही. पत्त्यावर, एसटीच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर, सगळीकडे दर्यापूर. एकटी रेल्वेच शेवटपर्यंत बनोसा म्हणत राहिली. मूर्तिजापूरच्या खिडकीवर आमची आजी "एक बनोसा" असंच तिकीट मागायची. मला त्या पाटीचं मोल वाटतं ते यासाठी. गिळलं गेलेलं एक गाव तिनं शंभर वर्षं जपलं.

आता लाइन इथं का आली, त्याकडे वळू. त्यासाठी आधी मातीकडे पाहावं लागेल. पूर्णेच्या खोऱ्यातली आपली जमीन खोल काळी आहे. कितीही खणा, खडक लागत नाही, नुसती मातीच. पावसाळ्यात ही माती फुगते, लोण्यासारखी होते, आणि बंडीचं चाक आसापर्यंत रुतून बसतं. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की वासराचा पाय अडकावा. पक्का रस्ता करायचा तर दगड नाही, मुरूम नाही, गिट्टी दुरून आणायची. त्यात आपला खारपाणपट्टा, विहिरीला पाणी लागलं तरी ते खारट. माणसानं राहायला कठीण अशा या मातीत कपाशी मात्र जोमानं येते. पऱ्हाटीची मुळं खोल जातात आणि दोन पावसांत खंड पडला तरी ती माती ओल धरून ठेवते.

हा कापूस जगाच्या नजरेत भरला तो १८६१ ते १८६५ या काळात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, आणि लँकेशायरच्या गिरण्या भारताकडे वळल्या. १८५३ च्या तहानं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आलेला होताच. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. ती अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी कापसाच्या मुलखातूनच गेली. जलंबहून खामगावला फाटा निघाला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. बडनेऱ्याहून अमरावतीलाही फाटा झाला. बाजार मोठा असेल तिथं फाटा काढायचा, असं ते धोरण होतं. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ हे बाजार काही कमी नव्हते, पण लाइनपासून लांब पडले होते. तिथला माल आणखी कित्येक वर्षं बंडीनंच यायचा.

इथं मला एक प्रचलित समज दुरुस्त करायचा आहे. आपल्याकडे शाळेपासून सांगितलं जातं की आपला कापूस शकुंतलेनं, म्हणजे आपल्या या अरुंद रुळावरच्या गाडीनं, मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला गेला. शकुंतला रुळावर येईपर्यंत चित्र बदललं होतं. आपला जुना वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा. अमरावतीच्या नावावरून जगाच्या बाजारात त्याला 'ऊमरा' म्हणत. युद्ध संपताच लँकेशायर पुन्हा अमेरिकेच्या लांब धाग्याकडे गेलं, कारण त्यांच्या बारीक सुताला आपला धागा चालत नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय कापसाचं मोठं गिऱ्हाईक जपान होतं. त्याखेरीज युरोपातले इतर देश होते आणि आपल्या मुंबईच्या गिरण्या होत्या. त्यामुळं दर्यापूरच्या शेतातलं बोंड कोबेच्या बंदरात उतरलं असण्याचा संभव मँचेस्टरपेक्षा जास्त आहे. मँचेस्टरशी आपलं नातं होतं, पण ते वेगळं. त्याकडे पुढे येतो.

मुंबईत १८५७ पासून किलिक निक्सन नावाची पेढी होती. इतर कंपन्यांचा कारभार पाहायचा, त्यांना भांडवल उभं करून द्यायचं, असा तिचा व्यवसाय. १९१० साली या पेढीनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर हे दोन फाटे त्या कंपनीचे. वर्धा जिल्ह्यातली पुलगाव–आर्वी लाइनही तिचीच. गुरुजींच्या प्रश्नाचं थेट उत्तर एवढंच: ती बारीक रेघ सरकारनं काढली नाही, एका खासगी कंपनीनं काढली. गाड्या चालवायचं काम मात्र करारानं जीआयपीकडे दिलं. रूळ कंपनीचे, गाडी चालवणारे दुसरे. हा करार पुढे फार महागात पडला.

अरुंद रूळ का, असं मला विद्यार्थी विचारतात. पैसा वाचतो म्हणून. रूळ हलका, पूल लहान, वळण आखूड, भराव कमी. आपल्या काळ्या मातीत भराव कमी करावा लागणं ही मोठी बचत. पण या बचतीची किंमत मूर्तिजापूरला मोजावी लागायची. आपली गाडी मोठ्या रुळावर चढू शकत नाही, म्हणून लहान वाघिणीतला सगळा माल तिथं उतरवून मोठ्या वाघिणीत भरायचा. प्रेसमधून निघालेली रुईची एक गाठ पावणेदोनशे किलोच्या आसपास. ती हमालांनी पाठीवर, आकड्यांनी ओढत, फळीवरून घरंगळवत इकडून तिकडे न्यायची. माझे मोठे काका त्या हमालांपैकी एक होते. त्यांच्या उजव्या खांद्यावर मुठीएवढा गठ्ठा आला होता आणि झोपताना ते कधी उजव्या कुशीवर वळत नसत. या लाइनीचा जमाखर्च कुणी मांडेल तेव्हा तो खांदाही त्यात धरावा, असं मला मनापासून वाटतं.

कापसाचा हंगाम दिवाळीपासून. वेचणी झाली की बंड्यांची रांग जीनकडे लागायची. रात्रभर बैल सोडून माणसं बंडीखालीच झोपायची. जीनमध्ये सरकी वेगळी होते. शंभर किलो कापसातून साधारण तेहेतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. ती तेलाच्या घाण्याकडे जाते आणि उरलेली ढेप गुरांना. रुई प्रेसमध्ये दाबून गाठ बांधली की मगच ती गाडीत भरण्याजोगी होते. म्हणून जीन आणि प्रेस स्टेशनच्या आसऱ्यानं उभे राहिले. अंजनगावची विड्याची पानं आणि पानपिंपरी, अचलपूरकडची संत्री, हे त्याच गाडीनं निघायचं. अंजनगाव हे नाव इतिहासात वेगळ्या कारणानं येतं. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो सुर्जी अंजनगावचा. आमच्या घरात मात्र अंजनगाव म्हणजे पानं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानांची करंडी मांडीवर घेऊन आजी खिडकीपाशी बसे. वाटेत दोनदा पाण्याचा शिपका मारायचा, नाहीतर पान पिवळं पडतं. तिच्या हिशेबी या लाइनीवरची स्टेशनं म्हणजे शिपका मारायच्या जागा. कापूसतळणी आली की पहिला, लाखपुरी आली की दुसरा.

आता मँचेस्टर. आपला कापूस तिथं फारसा गेला नसेल, पण तिथून इंजिन आलं. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून या लाइनवर धावू लागलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावत राहिलं. सत्तर वर्षांवर काम एका इंजिनानं केलं. मुंबई–हावडा लाइनवर वाफ गेली, डिझेल आलं, वीज आली, गीतांजलीसारख्या गाड्या सुरू झाल्या, तरी मूर्तिजापूरच्या पलीकडच्या फलाटावर हे इंजिन फुसफुसत उभंच. मी ते शेवटचं पाहिलं तेव्हा ड्रायव्हर चिंध्यांच्या बोळ्यानं त्याची पितळी नळी पुसत होता. कुणी पाहत नव्हतं, साहेब येणार नव्हते, तरी तो पुसत होता. नंतर डिझेल इंजिन आलं. त्याचा आवाज वेगळा, भोंगा वेगळा. गावातली म्हातारी माणसं बरेच दिवस "शकुंतला आली नाही" म्हणत राहिली, गाडी डोळ्यांसमोरून जात असताना.

शकुंतला हे नाव वेळापत्रकात कधी नव्हतं, ते लोकांनी दिलं. त्याच्या उगमाच्या गोष्टी प्रत्येक स्टेशनावर वेगळ्या ऐकू येतात, त्या मी आज सांगत नाही. माझ्या मते महत्त्वाचं एवढंच की लोकांनी तिला लेकीबाळीचं नाव दिलं आणि ती उशिरा आली तरी तिच्यावर चिडले नाहीत. "काहून वो, आज लई टेम केला?" असं ते गार्डला विचारत, आणि गार्ड उत्तर देई.

शेवटच्या वर्षांचं एक दृश्य मला सविस्तर सांगायचंय, कारण पुढच्या पिढीला ते खरं वाटणार नाही. स्टेशनांवर माणसं उरली नव्हती. स्टेशनमास्तर नाही, खिडकीवर बाबू नाही, फाटकावर गेटमन नाही. गाडीबरोबर पाच-सात जण असत, तेच सगळं करत. गार्ड डब्यात येऊन तिकीट फाडून देई. रस्त्याचं फाटक जवळ आलं की गाडी अलीकडे थांबायची. एक जण खाली उडी मारून पुढे जायचा, दोन्ही बाजूंची वाहनं हातानं थांबवून फाटक लावायचा. गाडी हळूच फाटकातून पलीकडे जायची आणि पुन्हा थांबायची. तो फाटक उघडायचा, धावत येऊन शेवटच्या डब्याचा दांडा धरायचा, मग गाडी निघायची. पुढच्या फाटकावर पुन्हा तेच. ७६ किलोमीटरला चार तास का लागत, ते यावरून कळेल. डब्यातली माणसं मात्र त्या वेळात शेंगा सोडत, सोयरिकी जुळवत, एखादी बाई उतरून लाइनच्या कडेची तरोट्याची भाजी खुडून परत येई. एकदा एक बाळंतपणाला माहेरी निघालेली पोर डब्यात होती. तिला हिसका बसू नये म्हणून ड्रायव्हरनं पूर्णेच्या पुलापासून बनोशापर्यंत गाडी अशी आणली की डब्यातला पाण्याचा तांब्याही हलला नाही. मी त्या डब्यात होतो.

ही माणसं कोण होती? मजूर, पानवाल्या, शाळकरी पोरं, दवाखान्यात निघालेले, पौषात ऋणमोचनच्या यात्रेला जाणारे. गाडगेबाबांचा जन्म अंजनगावकडच्या शेंडगावचा आणि बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे गेलं. ही लाइन ज्या माणसांना इकडून तिकडे नेई ती त्यांच्याच मुलखातली, त्यांच्याच सारखी फाटक्या लुगड्या-धोतरातली माणसं. एसटीच्या भाड्याच्या अगदी थोड्या भागात त्यांचा प्रवास व्हायचा. ज्यांच्या दारात मोटारसायकल होती ते या गाडीत बसत नव्हते. शकुंतलेची आठवण काढून हळवे होणारे आम्ही पुष्कळजण तिच्या शेवटच्या वीस वर्षांत तिच्यात क्वचितच बसलो, हे मी स्वतःला धरून सांगतो.

गाडी बंद का पडली, याची उत्तरं कंपनीच्या करारात आणि मूर्तिजापूरच्या फलाटावर सापडतात. ट्रक आला आणि त्यानं माल थेट जीनच्या दारातून उचलून मुंबईच्या दारात टाकला. मधे उतरवणं नाही, पुन्हा भरणं नाही. १९७२ मध्ये राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि व्यापाराची सगळी रचना बदलली. कापूस गेला तशी कंपनीच्या दृष्टीनं लाइन रिकामी झाली, मग डबे माणसांनी कितीही भरलेले असोत. दुसरीकडे १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे झाली, देशभरच्या लाइनी सरकारच्या झाल्या, आणि ही लाइन मात्र कंपनीच्याच नावावर राहिली. करार दर दहा वर्षांनी पुढे सरकत गेला. गाडी मध्य रेल्वेनं चालवायची आणि मालकाला त्याचा वाटा द्यायचा. ही लाइन "अजून इंग्रजांच्या मालकीची" असं वर्तमानपत्रांतून खूप छापून आलं. ते अर्धवट आहे. किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत आली होती. इंग्रजांना दोष देऊन आपण मोकळे होतो, पण खरा दोष त्या दोन मालकांमधल्या फटीत आहे. जो रूळ बदलणार त्याचा तो नाही आणि ज्याचा तो आहे त्याला बदलायचा नाही. स्लीपर कुजत गेले, वेग कमी होत गेला, वेग कमी झाला म्हणून माणसं कमी झाली, आणि माणसं कमी म्हणून खर्च कशाला, असा सवाल आला. २०१६ मध्ये ही लाइन मोठ्या रुळाची करण्याची घोषणा झाली. त्या घोषणेची वाट पाहण्यात गाडीच बंद झाली. अचलपूरच्या लोकांनी शकुंतलेसाठी सत्याग्रह केला. त्यांना मी इथून नमस्कार करतो.

मोठी लाइन व्हावी, असं मलाही वाटतं. लहान रूळ तसेच ठेवून पर्यटकांसाठी खेळण्यातली गाडी चालवावी, या सूचनेनं मला आनंद होत नाही. पानाची करंडी घेऊन बसणाऱ्या बाईला गाडी हवी आहे, आणि ती वेळेवर पोचणारी हवी आहे. पण मोठी लाइन आली की जुनं स्टेशन पाडलं जाईल, नवी पाटी लागेल आणि कदाचित तिच्यावर बनोसा नसेलही. त्याआधी एक काम उरकायला हवं.

कंपनीच्या कागदांत गाठी मोजल्या आहेत, वाघिणी मोजल्या आहेत. माणसं त्यात तिकिटांच्या बेरजेपुरती आहेत. माझ्या काकांचा खांदा त्यात नाही, फाटक लावून धावत येणारा माणूस नाही, तांब्या न हलवता गाडी आणणारा ड्रायव्हर नाही. ते सगळं आज साठी-सत्तरीच्या पुढच्या माणसांच्या डोक्यात आहे आणि दर वर्षी त्यातलं थोडं थोडं स्मशानात जातंय. गेली दोन वर्षं मी एक वही केली आहे. भेटेल त्याच्याकडून या लाइनबद्दल ऐकायचं आणि त्याच्याच शब्दांत, त्याच्याच वऱ्हाडीत उतरवायचं. पहिलं पान आजीचं आहे. ती गेल्यावर मी ते आठवून लिहिलं, म्हणून त्यात चुका असतील.

परवा त्या वहीत मूर्तिजापूर बाजूच्या एका म्हाताऱ्या आजींचं सांगणं उतरवून घेतलं. त्या लग्न होऊन शकुंतलेनं बनोशाला आल्या. उतरताना पाय फलाटावर टेकेना, कारण डब्याची पायरी उंच आणि नऊवार नवं. त्या तशाच दारात उभ्या राहिल्या. सासरची माणसं खाली उतरून बंडी पाहायला गेलेली. गार्डनं शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवली नाही. तो चालत आला, त्यानं आपली लोखंडी पेटी फलाटावर पायरीसारखी ठेवली आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. आजी पेटीवर पाय देऊन उतरल्या. मग त्यानं पेटी उचलली आणि शिट्टी वाजवली.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी वही घेऊन स्टेशनच्या कट्ट्यावर बसणार आहे. ज्यांच्या घरी सांगणारं कुणी आहे त्यांनी त्यांना घेऊन यावं. चालवत नसेल तर मी घरी येईन.